रुळावरची अक्षरं वाचायला शिकवल्याबद्दल

आदरणीय मिस्त्रीकाका,

सप्रेम नमस्कार.

मुंबईतली बंद झालेली स्टेशनं शोधणाऱ्या आम्हा मंडळींचं हे पत्र. समोर आभार मानायला गेलं की तुम्ही चहा मागवता आणि विषय बदलता, म्हणून लिहून पाठवतोय. सगळ्यांना वाचता येईल असं लिहिलंय, कारण तुम्ही दिलेली माहिती या नादाला लागलेल्या प्रत्येकाच्या कामाची आहे.

बंद स्टेशन म्हटलं की माणूस आधी इमारत शोधतो. मुंबईत तिथेच घोडं अडतं, कारण इथे जागा रिकामी राहत नाही. कुलाबा टर्मिनसचंच बघा. बीबी अँड सीआयची (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेची) लाइन चर्चगेटच्या पुढे, ओव्हल मैदानाच्या पश्चिमेकडून समुद्राच्या कडेने कुलाब्याला जायची. 5 जानेवारी 1928 ला कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी सुरू झाली आणि 1930 चा डिसेंबर संपता संपता स्टेशनच बंद झालं. विजेच्या गाडीला तिथे पुरती तीन वर्षंही मिळाली नाहीत. बॅकबेच्या भराव योजनेसाठी लाइन चर्चगेटलाच संपवली आणि लांब पल्ल्याच्या गाड्या त्याच महिन्यात उघडलेल्या बॉम्बे सेंट्रलला नेल्या. आज स्टेशनच्या जागेवर बधवार पार्क ही रेल्वेची वसाहत आहे. अंधेरी ते ट्रॉम्बे लाइनचं काम तर आणखी अवघड. ती 1928 ला प्रवाशांसाठी सुरू झाली आणि 1934 ला सांताक्रूझच्या विमानतळासाठी बंद करण्यात आली. धावपट्टीखाली कोण काय शोधणार?

तुम्ही पहिल्याच भेटीत म्हणालात, इमारत सोडा, हद्द धरा. रेल्वेची जमीन एकदा मोजून घेतली की तिची कड पुढे कंपाउंडला, गल्लीला, प्लॉटच्या तिरक्या बाजूला चिकटून राहते. रूळ उचलले तरी कड तशीच राहते. आणि ती कड रेल्वेची की रस्त्याची, हे मोजून ठरवता येतं. त्या सुतळीच्या युक्तीबद्दल तुमचे खास आभार.

ती युक्ती इथे सविस्तर लिहितो. 20 मीटर न ताणणारी सुतळी घ्यायची आणि भिंतीच्या आतल्या, म्हणजे खोलगट बाजूला तिची दोन्ही टोकं टेकवून घट्ट ओढायची. बरोबर मधोमध, 10 मीटरवर, सुतळीपासून भिंतीपर्यंतचं अंतर मोजायचं. लाइनवरची माणसं याला व्हर्साइन म्हणतात. 50 ला या अंतराने (मीटरमध्ये) भागलं की कर्वची, म्हणजे वळणाची, त्रिज्या मिळते. अंतर 12.5 सेंटीमीटर आलं तर 50 भागिले 0.125, म्हणजे 400 मीटर. हा कर्व रेल्वेचा असू शकतो. ब्रॉडगेजला जास्तीत जास्त 10 डिग्रीचा कर्व चालतो, म्हणजे 175 मीटर त्रिज्या, आणि तिथे व्हर्साइन साधारण 28.5 सेंटीमीटर येतं. अर्धा मीटर आलं तर त्रिज्या 100 मीटर होते, आणि मेन लाइन इतकी वळत नाही. गोदीतल्या सायडिंगा (मालगाड्यांच्या बाजूच्या लाइनी) मात्र यापेक्षाही आवळून वळवलेल्या असायच्या, म्हणून 1915 ला सुरू झालेल्या पोर्ट ट्रस्ट रेल्वेच्या भागात हा नियम डोळे झाकून लावायचा नाही.

एका मापावर भरवसा ठेवायचा नाही, हेही तुमचंच. 10-10 मीटर पुढे सरकत मापं घेत जायची. आकडे जवळपास सारखे येत राहिले तर कर्व खरा. एकदम 8 सेंटीमीटरवरून 20 वर उडी गेली, तर मधली भिंत कुणीतरी पाडून पुन्हा बांधलेली असते, नाहीतर प्लास्टरचा थर वाढलेला असतो. सुतळीला झोळ पडला तरी माप चुकतं. म्हणून दोघांनी ओढायची आणि तिसऱ्याने मोजायचं.

आता रुळाचे खांब. जुन्या कंपाउंडला, फाटकाला, पाण्याच्या टाकीखाली कापलेले रूळ उभे केलेले असतात आणि लोक त्यावर ऑइल पेंटचे थर चढवत राहतात. रुळाच्या उभ्या पोटावर कारखान्याची उठावाची अक्षरं असतात: कारखान्याचं नाव, सेक्शन (म्हणजे वजनानुसार ठरलेला रुळाचा प्रकार), महिना, साल. रंग खरवडायचा नाही. संध्याकाळी टॉर्च पोटाला जवळजवळ चिकटवून आडवा धरायचा, म्हणजे अक्षरांच्या सावल्या पडतात. मग पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल आडवी घासायची. ही अक्षरं रुळावर ठरावीक अंतराने पुन्हा येतात, पण खांब आखूड असतो, त्यामुळे एका खांबावर 'R 19' एवढंच दिसतं आणि पुढचे आकडे जमिनीत गाडलेले असतात. अशा वेळी शेजारचे चार खांब तपासायचे. एकाच रुळाचे तुकडे केलेले असले तर अक्षरं जुळतात.

अक्षरं अजिबात लागली नाहीत तर मापावरून सेक्शन ओळखायचा. 90 आर म्हणजे यार्डाला 90 पौंडांचा रूळ. त्याची उंची सुमारे 143 मिलिमीटर आणि तळाची रुंदी सुमारे 136. 75 आर सुमारे 129 उंच. मीटरला 52 किलोचा रूळ 156 मिलिमीटर उंच, म्हणजे तो नंतरच्या काळातला. माथ्यावर लांबीभर खाच असली तर तो ट्रामचा रूळ, आणि मुंबईत ट्राम 31 मार्च 1964 पर्यंत धावत होती. रस्ता खोदताना मिळालेल्या रुळांच्या बाबतीत ही गल्लत सर्रास होते.

आणि तुमचा इशारा: रुळावरचं साल हे स्टेशनचं साल नव्हे. उचललेला रूळ या यार्डातून त्या यार्डात फिरतो. खांबावर 1908 असलं तर खांब त्याआधीचा नाही, एवढंच सिद्ध होतं. हा फरक न समजल्यामुळे कितीतरी चुकीच्या तारखा तोंडी फिरत राहिल्या आहेत.

फलाटाबद्दल थोडक्यात. आजच्या मापाने फलाटाची कड रुळाच्या मध्यरेषेपासून 1670 ते 1680 मिलिमीटरवर येते आणि टोकाचा उतार सहास एक यापेक्षा तीव्र नसतो. जुनं बांधकाम या मापांच्या जवळपास जात असेल तर तो फलाट असावा अशी शंका घ्यायला जागा आहे. गोदामाचा धक्का सहसा उतार न देता सरळ तुटतो.

आठवणी गोळा करण्याबद्दल तुम्ही जे सांगितलंत ते आम्ही आता सगळ्यांना सांगतो. 1930 किंवा 1934 ला बंद झालेलं स्टेशन स्वतः पाहिलेलं माणूस आज भेटणं जवळपास अशक्य. म्हणून "स्टेशन कुठे होतं?" असं विचारण्यात अर्थ नाही. "आजोबा तिकीट कुठून काढायचे, उतरल्यावर समुद्र कुठल्या हाताला यायचा, टांगे कुठे उभे राहायचे" असं विचारलं की ऐकलेलं नेमकं बाहेर येतं. घरात जुनं पुठ्ठ्याचं तिकीट असेल (साधारण 57 बाय 30 मिलिमीटर) तर दोन्ही बाजू स्कॅन करायच्या, कारण तारखेचा ठसा दाबून उमटवलेला असतो आणि तो फक्त तिरक्या उजेडात दिसतो. लॅमिनेशन कधीच नाही. उष्णतेने आणि दाबाने तो ठसाच सपाट होतो.

शेवटची गोष्ट तुम्ही दरवेळी बजावता, म्हणून इथेही लिहितो. चालू लाइनवर विनापरवाना पाऊल टाकणं हा रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली गुन्हा आहे. सापडलेली फिशप्लेट (दोन रूळ जोडणारी पट्टी), रूळ घट्ट बसवणारी चावी किंवा स्लीपरची प्लेट आठवण म्हणून पिशवीत टाकली तर 1966 चा रेल्वे मालमत्तेचा कायदा लागू शकतो. वस्तू जिथे आहे तिथेच ठेवायची आणि शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढायचा. बधवार पार्कसारख्या वसाहतीत तर लेखी परवानगीशिवाय आत जायचंच नाही.

काका, ही सगळी विद्या उन्हापावसात रुळांची देखभाल करणाऱ्या गँगबरोबर लाइनवर चालून तुम्ही कमावलीत आणि आमच्यापुढे हातचं न राखता मांडलीत. त्याबद्दल आम्ही सगळे तुमचे मनापासून ऋणी आहोत. वाकोला ते कुर्ला बाजूच्या भिंतींची व्हर्साइनची मापं एका तक्त्यावर उतरवली आहेत. पावसाळा उतरला की तक्ता घेऊन घरी येतो. तिसऱ्या आणि सातव्या ओळीतले आकडे उडी मारतात, ते तुम्ही बघून सांगा. काकूंना नमस्कार.

आपली,
बंद स्टेशनं शोधणारी मंडळी, मुंबई