आपली बोली पडद्यावर आली की हसू का येते?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रव्यवहारात वाचक नुकत्याच पाहिलेल्या चित्रपटांविषयी जी मते मांडतात, ती मी नेमाने वाचते. कथा, अभिनय, संगीत यांवर बरेच लिहिले जाते. परंतु चित्रपटातली माणसे कोणत्या बोलीत बोलतात आणि ती बोली कानावर पडताच प्रेक्षागृहात काय घडते, याविषयी फारसे कोणी लिहीत नाही. मी ३३ वर्षे नागपुरात शाळेत मराठी शिकवले. गेल्या काही महिन्यांत पाहिलेल्या आणि घरी पुन्हा लावून पाहिलेल्या चार-पाच चित्रपटांनी मला याच एका प्रश्नापाशी आणून सोडले आहे.

जयंत दिगंबर सोमलकर यांचा ‘स्थळ’ ७ मार्च २०२५ रोजी प्रदर्शित झाला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात, बहुतांशी तिथल्याच आणि आसपासच्या, पूर्वी कधी कॅमेऱ्यासमोर उभ्या न राहिलेल्या माणसांना घेऊन तो तयार झाला. २०२३ साली टोरांटोच्या चित्रपट महोत्सवात त्याला आशियाई चित्रपटांसाठीचा ‘नेटपॅक’ पुरस्कार मिळाला होता; म्हणजे चंद्रपूरच्या शेजारी राहणाऱ्या आम्हा नागपूरकरांच्या दीड वर्ष आधी तो कॅनडातल्या लोकांनी पाहिला. मी तो दुसऱ्या आठवड्यात, आईला सोबत घेऊन, सकाळी अकराच्या खेळाला पाहिला, कारण मला शहरात सापडलेला तो एकच खेळ होता. प्रेक्षागृहात आम्ही सारे मिळून सतरा जण होतो.

कापूस पिकवणाऱ्या दौलतराव वांढरे यांची मुलगी सविता कॉलेजात शिकते, तिला स्पर्धा परीक्षा द्यायची आहे, आणि घरी मात्र तिला पाहायला एकामागून एक स्थळे येत राहतात. प्रत्येक वेळी तशीच बैठक बसते आणि तेच प्रश्न विचारले जातात: नाव काय, शिक्षण किती, उंची किती. पहिल्या बैठकीत पाहुण्यांनी तोंड उघडताच आमच्या मागच्या रांगेत बसलेली चार-पाच मुले मोठ्याने हसली. प्रश्न साधाच होता, त्यात विनोद काहीच नव्हता. मुले हसली ती बोलण्याच्या ढबीला. दुसऱ्या बैठकीलाही ती हसली. तिसऱ्या वेळी ते हसू अर्ध्यावरच थांबले. पुढे सविताच्या देखत तिच्या उंचीचा आणि रंगाचा हिशेब होऊ लागला, तेव्हा मागच्या रांगेतून खुर्ची करकरल्याचाही आवाज आला नाही. एकच प्रसंग पुन्हा पुन्हा दाखवण्याचा दिग्दर्शकाचा निर्णय काही समीक्षकांना कंटाळवाणा वाटू शकेल, पण त्या निर्णयाचे मोल मला या मुलांच्या हसण्यावरून कळले. पहिल्यांदा जे कान ‘मले’ आणि ‘तुले’ एवढेच टिपत होते, ते चौथ्यांदा त्या शब्दांमागचे माणूस ऐकू लागले. नंदिनी चिकटे हिने मान खाली घालून बसण्याचा प्रत्येक प्रसंग वेगळा केला आहे. पहिल्या वेळचा संकोच, मग सराव, मग दमणूक, मग राग हे सारे तिच्या बसण्यात दिसते. सविताच्या कॉलेजातल्या प्राध्यापकाचे उपकथानक मला थोडे घाईने उरकल्यासारखे वाटले, हेही नमूद करते. शेवट मात्र मी सांगणार नाही, तो ज्याचा त्याने पाहावा.

माझी आई ८१ वर्षांची आहे आणि तिचे माहेर वर्धा जिल्ह्यातले आहे. चित्रपट संपल्यावर ती रिक्षात काही बोलली नाही. रात्री जेवणे झाल्यावर, भांडी आवरताना, ती मला म्हणाली, “मले त अकरा जणांनं पाह्यलं होतं. एकाच्या मायनं सुईत दोरा ओवाले लावला, डोये धड हायेत का ते पायासाठी. एकानं आंगणातून विहिरीपर्यंत चालत जाले लावलं.” सुईत दोरा पहिल्याच वेळी गेला होता, असेही ती म्हणाली, आणि हे सांगताना तिने हातातले पातेले खाली ठेवून अंगठा आणि बोट जुळवून दाखवले. साठ वर्षांपूर्वीची ही हकिगत मी त्या रात्री पहिल्यांदा ऐकली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आई माझ्याशी तिच्या स्वतःच्या बोलीत कित्येक वर्षांनी इतकी सलग बोलली. आमच्या घरात ‘शुद्ध’ बोलण्याचा आग्रह मीच धरला होता. मुले लहान असताना “आई, त्यांच्यासमोर मले-तुले करू नकोस,” असे मी तिला अनेकदा सांगितले आणि ती हळूहळू कमी बोलू लागली, हे माझ्या लक्षात आले नाही. शाळेतही मी तेच केले. ‘तो येऊन राहिला’ (म्हणजे ‘तो येत आहे’) या वाक्याखाली मी किती वह्यांत तांबडी रेघ ओढली असेल, याची गणती नाही. प्रमाण मराठी शिकवणे हे माझे कामच होते आणि त्याबद्दल मला खेद नाही. परंतु ती शिकवताना घरून आणलेली भाषा चुकीची आहे, असे मुलांच्या मनावर ठसवण्याची काहीच आवश्यकता नव्हती, हे मला आज कळते आहे.

हे हसू आले कुठून, याचा विचार केला तर बोट पडद्याकडेच जाते. मराठी चित्रपटांत आणि पुढे दूरचित्रवाणीवर विदर्भाची बोली प्रामुख्याने गडी, रखवालदार, भाबडा पाहुणा अशा पात्रांच्या तोंडी आली. नायक, डॉक्टर, न्यायाधीश, प्रेमात पडलेली मुलगी यांच्या तोंडी ती क्वचितच ऐकू आली. भारत गणेशपुरे यांच्यासारख्या अमरावतीकडच्या गुणी नटामुळे वऱ्हाडी महाराष्ट्रभर घराघरांत पोहोचली, हे त्यांचे मोठे काम आहे. पण एका बोलीची एकच बाजू वर्षानुवर्षे ऐकू येत राहिली, तर लोक तिला तेवढीच समजू लागतात. त्यातही अकोला-अमरावतीची वऱ्हाडी, नागपूर-वर्ध्याकडची नागपुरी आणि भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडची झाडीबोली यांतला फरक पडद्यावर पुसला जातो आणि सर्वांची मिळून एक गमतीची ढब तयार होते. नागपूर १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होते. इथल्या मराठीत हिंदीची जी लकब आहे ती त्या शेजारातून आली आहे, अडाणीपणातून नव्हे.

तुलनेसाठी ‘दशावतार’ घ्यावा. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेला हा चित्रपट मी याच शहरात भरलेल्या प्रेक्षागृहात पाहिला. दिलीप प्रभावळकर यांनी वयाच्या ऐंशीनंतर उभा केलेला बाबुली मेस्त्री पाहताना लोक थक्क झाले होते. त्यातली मालवणी आमच्या प्रेक्षकांना सगळीच कळली असेल असे नाही, परंतु नको त्या जागी कोणी हसले नाही. मालवणीलाही एके काळी मुख्यतः विनोदाचीच भाषा मानले जात होते. तरी देव, रान, बाप-लेकाची माया हे सारे ती पेलू शकते हे त्या चित्रपटाने दाखवले आणि नागपूरकरांनी ते मनापासून मान्य केले. दूरच्या बोलीला आपण जो मान देतो, तो घरच्या बोलीला द्यायला आपल्याला जड का जावे?

‘दशावतार’ पाहून आल्यावर मी सतीश मनवर यांचा २००९ सालचा ‘गाभ्रीचा पाऊस’ घरी पुन्हा लावला. शेजारचा शेतकरी आत्महत्या करतो आणि आपला नवराही तसेच काही करील या भीतीने अलका आपल्या लहान मुलाला बापाच्या मागे मागे राहायला सांगते, एवढ्या धाग्यावर तो चित्रपट उभा आहे. गिरीश कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी हे दोघेही विदर्भाबाहेरचे, पण त्यांनी बोलीची नक्कल न करता तिच्यात राहून काम केले आहे. नवरा रागावू नये म्हणून अलका जे गोडधोड करते आणि त्याला वरवर साधे प्रश्न विचारते, त्या प्रश्नांच्या सुरात तिची सगळी धास्ती आहे. शीर्षकातली ‘गाभ्रीचा’ ही शिवी आमच्याकडे पावसाला, बैलाला, प्रसंगी पोटच्या पोरालाही दिली जाते, आणि तिच्यात राग किती व माया किती हे केवळ सुरावरून ठरते. हे ज्याला ऐकू येते, त्याला तो चित्रपट दुप्पट मिळतो. तो कान आपल्यापाशी जन्मतः आहे, आणि तोच आपण बंद करून बसलो आहोत.

नागराज मंजुळे यांच्या ‘झुंड’विषयी नागपुरात पुष्कळ बोलले गेले आहे. विजय बारसे सरांनी झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉलकडे कसे वळवले, हे या शहराला ठाऊक होते. ४ मार्च २०२२ रोजी हा चित्रपट आल्यावर ते देशाला कळले. उत्तरार्धाची लांबी मला याही वेळी जाणवली, मात्र आदिवासी बाप-लेक कागदपत्रांसाठी ज्या खेपा घालतात, तो भाग कमी करावा असे मी म्हणणार नाही. माझ्या मते या चित्रपटाचा गाभा झोपडपट्टीतली ती मुले एकेक करून आपली कहाणी सांगतात त्या प्रसंगात आहे. समोर अमिताभ बच्चन बसलेले असताना ती मुले नागपूरच्या गल्लीतल्या हिंदीत बोलतात, आणि तो मोठा नट गप्प राहून ऐकतो. आपल्या शहराच्या बोलण्याला पडद्यावर यापेक्षा अधिक सन्मान मी पाहिलेला नाही. अंकुश गेडाम या नागपूरच्या मुलाला त्यातल्या पदार्पणासाठी फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. ‘कोर्ट’मधल्या लोकशाहिराची भूमिका करणारे वीरा साथीदार हेही आपल्याच शहराचे, एप्रिल २०२१ मध्ये करोनाने त्यांना आपल्यातून नेले. ज्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्याच्या मध्यभागी नागपूरचा एक कार्यकर्ता-लेखक उभा होता, हे माझ्या ओळखीतल्या अनेक चित्रपटप्रेमींना माहीत नव्हते.

याचा अर्थ विदर्भातला प्रेक्षक मुळात उथळ आहे, असा कोणी काढू नये. दिवाळीपासून होळीपर्यंत वडसा आणि परिसरातल्या नाटकमंडळ्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत गावोगावी रात्रभर प्रयोग करतात, आणि थंडीत शाल पांघरून बसलेले हजारो लोक तिथे हसतात तसेच हमसून रडतातही. त्याच लोकांची मुले शहरातल्या वातानुकूलित प्रेक्षागृहात आली की आपल्या आजीच्या भाषेला का हसतात, हा प्रश्न शिक्षकांनी, पालकांनी आणि वृत्तपत्रांनीही स्वतःला विचारला पाहिजे. मराठीतला आद्य गद्यग्रंथ मानले जाणारे ‘लीळाचरित्र’ अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला म्हाइंभटांनी सिद्ध केले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा या ग्रंथाचा उल्लेख आपण सर्वांनी छाती फुगवून केला. ज्या मातीचा तो अभिमान, त्याच मातीतल्या सविताच्या तोंडचे शब्द हसण्यावारी जावेत, हे मला पटत नाही.

आपल्याला माझी विनंती आहे की, विदर्भातल्या बोलीत बोलणारा चित्रपट येईल तेव्हा त्याचे परीक्षण नागपूर आवृत्तीसाठी स्वतंत्रपणे, ती बोली घरी बोलणाऱ्या जाणकाराकडून लिहून घ्यावे. संवाद अस्सल आहेत की ओढूनताणून आणलेले, नटाने ढब उचलली आहे की सूर, हे पुण्या-मुंबईत बसलेला समीक्षक कितीही अभ्यासू असला तरी सांगू शकणार नाही. अशी परीक्षणे येऊ लागली, तर लेखक-दिग्दर्शकांनाही चुकीची वऱ्हाडी खपवणे कठीण होईल.

खेळांच्या वेळेचे दुखणे जुने आहे. बहुपडदा चित्रपटगृहांनी मराठी चित्रपटांना मोक्याची वेळ द्यावी असा निर्णय राज्य शासनाने २०१५ साली घेतला, पुढे ती वेळ दुपारी १२ ते रात्री ९ अशी सैल करण्यात आली. नोकरी करणारा माणूस आणि कॉलेजातली मुलगी सकाळी अकराला चित्रपट पाहायला जाऊ शकत नाहीत, आणि ‘स्थळ’ तर नेमका त्याच मुलींसाठी आहे.

निदान एवढे तरी व्हावे की अशा चित्रपटाचा खेळ नागपूर, वर्धा, चंद्रपूर, यवतमाळ येथे कुठे आणि किती वाजता आहे, ते शहराच्या पानावर ठळकपणे छापले जावे. तो अकराचा खेळ शोधण्यासाठी मला तीन ठिकाणी फोन करावे लागले होते, आणि त्यांपैकी एका ठिकाणी या नावाचा चित्रपटच नाही असे सांगण्यात आले होते. आई आता दर शुक्रवारी अंक हातात घेऊन विचारते, “आपल्याकडचं काई आलं का?”

आपली विश्वासू,
एक निवृत्त मराठी शिक्षिका,
नागपूर