खड्ड्यात उतरलेल्या सरांना

आदरणीय सर,

सादर नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं असतं तर पत्र पूर्ण वाचायच्या आधीच तुम्ही फोन करून रागावला असता, हे मला माहीत आहे. ज्यांनी तुमच्याबरोबर एक दिवस जरी शेतात काढलाय, ते तसंही ओळखतील.

मंगळवारी काटोलकडच्या त्या संत्रावाल्या भाऊंचा फोन आला. मी गणेशपेठच्या स्टँडवर उभी होते, एसटी लागली होती, कंडक्टर ओरडत होता. भाऊ म्हणाले, "मॅडम, यंदा पालवी हिरवी निंगून राहिली जी. पिवयी नाही." एवढंच. मी "बरं, बरं" म्हणाले आणि गाडी सोडून दिली. पुढची गाडी पाऊण तासाने होती. त्या पाऊण तासात बाकावर बसून मी हे पत्र मनातल्या मनात लिहिलं. आता कागदावर उतरवतेय, तर तेव्हाची निम्मी वाक्यं आठवत नाहीत.

वाचणाऱ्या इतरांसाठी थोडं सांगते. मी गावोगाव फिरून शेतकऱ्यांना माती आणि पाण्याबद्दल सांगणारी बाई आहे. कागदावर विस्तार कार्यकर्ती. करार अकरा महिन्यांचा, मग एक महिन्याची धाकधूक, मग पुन्हा अकरा महिने. अशी सहा वर्षं झाली. या सहा वर्षांत मला प्रशिक्षणं मिळाली नाहीत असं नाही. भरपूर मिळाली! सभागृह, बॅनर, दीपप्रज्वलन, प्रमुख पाहुण्यांचा सत्कार, सत्काराला उत्तर, मग चहा. चहानंतर पडद्यावर इंग्रजी स्लाइड आणि त्या वाचून दाखवणारा माणूस. एका ठिकाणी तर अभिप्रायाचा फॉर्म सकाळीच भरून घेतला, कारण दुपारी लोक पळतात. माझ्याकडे अशी अकरा प्रमाणपत्रं आहेत. सातांवर माझं आडनाव चुकलंय. एकावर 'श्री./श्रीमती' तसंच छापलेलं आहे, दोन्हींपैकी काहीच खोडलेलं नाही. कोणालाही चालेल असं.

नागपूरचं मला नेहमी नवल वाटतं. अमरावती रोडवर देशभरातल्या मातीचे नकाशे करणारी राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्था, त्याच रस्त्यावर संत्र्या-लिंबाची केंद्रीय संशोधन संस्था, वर्धा रोडला कापसाची. मातीतलं एवढं ज्ञान एका शहरात एकवटलेलं दुसरीकडे क्वचितच सापडेल. आणि तिथून तासा-दीड तासावरच्या गावात ते ज्ञान पोचवायचं काम कोणाचं, तर माझ्यासारखीचं, जिला मातीचा खड्डा कधी कोणी दाखवलेलाच नव्हता. खत-औषधाच्या दुकानदारांसाठी हैदराबादच्या 'मॅनेज' या राष्ट्रीय कृषी विस्तार संस्थेचा एक वर्षाचा 'देसी' पदविका अभ्यासक्रम आहे, ४८ आठवड्यांचा. चांगलंच आहे, असायलाच हवा. सरकारी विस्तार अधिकाऱ्यांसाठीही त्यांचा पदविका अभ्यासक्रम आहे. आम्ही कंत्राटी माणसं मात्र ना दुकानात, ना सरकारात. आमच्या कार्यालयात मी एकदा विचारलं तर साहेब म्हणाले, "तुम्ही अकरा महिन्यांच्या. तुम्हाला शिकवून आम्ही काय करू?"

हिशेब म्हणून बरोबर असेल. पण त्या न शिकण्याची किंमत साहेबांनी भरली नाही. मीही नाही. ती भरली काटोलच्या भाऊंनी.

हे मी आजवर तुमच्याशिवाय कोणाला सांगितलेलं नाही. चार वर्षांपूर्वी आम्हाला बांधांचं लक्ष्य आलं होतं, इतके मीटर, मार्चच्या आत. भाऊंच्या अडीच एकरात संत्रा होता, जमीन काळी, भारी. मी बांध आखून दिला, अगदी समपातळीत, पुस्तकात होता तसा. पाणी अडलं. इतकं अडलं की भाद्रपदात बुंध्यांपाशी आठ-आठ दिवस चिखल राहिला. पुढच्या वर्षी बुंध्यांतून डिंक गळायला लागला. पानं पिवळी पडली तेव्हा भाऊंनी मलाच विचारलं, आणि मी काय सांगावं? युरिया टाका. टाकला त्यांनी. पानं पिवळी ती पिवळीच. झाडं जायला लागली तसं मी त्या रस्त्याने जाणं टाळायला लागले.

मग डिसेंबरातलं ते शहरातलं प्रशिक्षण. नामनिर्देशनाच्या, म्हणजे कार्यालयाने माझं नाव पाठवल्याच्या, पत्राचा घोळ, मी दारात अडलेली, तुम्ही पाहुणे व्याख्याते. ते सगळं इथे उगाळत नाही. तुम्ही तुमच्या गाडीत मला जागा दिलीत आणि शिवारफेरीला नेलंत, एवढं पुरे. पुढची सीट दिलीत. म्हणालात, "ताई पुढे बसतील, मला मागे झोपायचंय." झोपला मात्र नाहीत. काटोल नाक्यापासून फेटरीपर्यंत मीच बोलत होते, आणि का कोण जाणे, त्या बांधाची गोष्ट सांगून टाकली. वाटलं होतं, आता 'असं कसं केलंत' येणार. तुम्ही ड्रायव्हरला विचारलंत, "पुढे तर्री-पोहे कुठे चांगले मिळतात?" आणि मग मला, "त्यांच्या वावरात आज खड्डा घ्यायला ते हो म्हणतील का?"

ठरलेलं शेत दुसरंच होतं. तिथला कार्यक्रम उरकून आपण भाऊंकडे गेलो तेव्हा तीन वाजून गेले होते.

वयाच्या सत्तरीत तुम्ही कमरेएवढ्या खड्ड्यात उतरलात. चप्पल वर काढून ठेवलीत. भिंत चाकूने खरवडलीत आणि मला म्हणालात, "खाली या, वरून दिसत नाही." सर, सहा वर्षं मी माती माती करत हिंडले, पण मातीच्या आत उभी तेव्हा पहिल्यांदा राहिले. तुम्ही माझं बोट धरून एका ढेकळाच्या चकचकीत अंगावरून फिरवलंत. काचेसारखं गुळगुळीत होतं. ही माती पावसात फुगते, उन्हात आक्रसते, आणि आतल्या आत स्वतःलाच घासते, त्याची ती खूण. म्हणून अशा जमिनीत समपातळीचा बांध फुटतो नाहीतर पाणी तुंबवतो. हिला हलक्या ढाळाचा बांध लागतो, पाणी सावकाश बाहेर काढणारा. चार ओळींत संपलं. मला ते चार वर्षांआधी हवं होतं.

मग दोन फुटांखाली पांढरे खडे लागले. तुम्ही बाटलीतल्या आम्लाचा थेंब टाकलात आणि माती सोड्याच्या बाटलीसारखी फसफसली. चुना. भाऊ वरून वाकून बघत होते, म्हणाले, "बाप्पा, माती उकयून राहिली!" तुम्ही वर न बघता मला विचारलंत, "पिवळं पान नवं होतं की जुनं?" मी आठवलं. नवं. शेंड्याचं. शिरा हिरव्या, मधलं पिवळं. "नत्राची कमतरता असती तर आधी जुनं पान पिवळं पडलं असतं. हे लोहाचं आहे. लोह जमिनीत आहे, पण चुन्यामुळे मुळांना मिळत नाही. युरियाने काय होणार?"

माती आरोग्य पत्रिका भाऊंच्या घरात फ्रेम करून लावलेली होती. तिच्यावर बारा आकडे होते. पण नमुना सहसा वरच्या वीतभर मातीचा घेतात, आणि संत्र्याची मुळं काही वीतभरात थांबत नाहीत. पत्रिका खोटी नव्हती. तिला दोन फुटांखालचं कोणी विचारलंच नव्हतं. मीही नाही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहितेय ते.

माती किती चिकण आहे ते बघायला तुम्ही ती भिजवून अंगठ्याने दाबत फीत काढत होतात, ती लांबत चालली होती, तुटेना. मी सहज बोलून गेले, "सर, इथल्या बायका चुलीला या वावरातली माती नेत नाहीत. वाळली की चिरते. नाल्यापल्याडची पिवळसर नेतात." बोलले आणि जीभ चावली. असल्या सभांत मी एकदा असं काही बोलले होते तेव्हा लोक हसले होते, 'मॅडमनी चुलीवर आणलं' म्हणून.

तुम्ही फीत खाली टाकलीत. हात पँटला पुसलेत, नीट, दोन्ही बाजूंनी. वरच्या खिशातून डायरी काढलीत आणि पेन्सिल. "कोण म्हणतं?" मी म्हणाले, "माझी आई. आणि इथल्या सगळ्याच." "चिरायला किती वेळ लागतो?" "लिंपल्यावर दुसऱ्या दिवशी." "त्यात काय मिसळतात?" "भुसा, शेण. तरी चिरते." तुम्ही लिहीत होतात. मग मान वर करून विचारलंत, "तुमचं पूर्ण नाव? मधलं पण सांगा." मी सांगितलं. आडनाव लिहिताना थांबलात, "ळ की ल?"

सर, अकरा प्रमाणपत्रं. कोणी विचारलं नव्हतं, ळ की ल.

वाकून पाहिलं तर पानावर तारीख होती, गावाचं नाव होतं, चुलीची ती ओळ होती आणि तिच्यापुढे माझं नाव. तुमच्या एवढ्या वर्षांच्या नोंदींत. मी विचारलं, पेन्सिल का? म्हणालात, "खड्ड्यात शाई पसरते. पेन्सिल राहते." तुम्ही ते अगदी कामाचं उत्तर दिलंत, मला माहीत आहे. मी भलतीकडे तोंड करून उभी राहिले. भाऊंना वाटलं डोळ्यांत माती गेली. त्यांनी पाण्याचा गडू दिला.

जानेवारीत तुम्ही दुसऱ्या एका तुकडीला शिकवलंत, तिथली एक मैत्रीण मला सांगत होती. फुगणाऱ्या मातीबद्दल बोलताना तुम्ही चुलीचं उदाहरण दिलंत आणि म्हणालात, हे मला अमुक ताईंनी काटोलला सांगितलं. ती म्हणाली, अगं, पूर्ण नाव घेऊन!

त्यानंतरचे चार रविवार, तुमच्या घरी अंगणात पसरलेली ढेकळं, काकूंनी वैतागून दिलेला चहा, हे मी लांबवत नाही. निचऱ्याचे चर काढले, बुंध्यांना बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं मिश्रण, लावलं, लोहाचं तुम्ही सांगितलंत तसं केलं. सगळी झाडं वाचली नाहीत. १९ गेली. भाऊंनी ती उपटताना मला बोलावलं नव्हतं, मी आपणहून गेले. ते रागावले नाहीत. त्यांनी रागवायला हवं होतं असं मला अजूनही वाटतं.

तुमच्यासारखी माणसं भेटली की बाकीची चांगली माणसंही आठवायला लागतात. त्या दिवशी तुमच्या ड्रायव्हरने स्वतःच्या डब्यातली अर्धी पोळी आणि ठेचा माझ्यापुढे सरकवला होता, न विचारता. एक कृषी सहायक आहेत, निवृत्तीला आले, त्यांनी स्वतःच्या जुन्या वह्यांच्या झेरॉक्स मला काढून दिल्या, पैसेही घेतले नाहीत. एसटीचे एक कंडक्टर मला बघून फाट्यावर गाडी थांबवतात, नियमात बसत नाही तरी. यातल्या कोणाच्या नावाचा बॅनर कधी लागलेला नाही. सत्कार होतात ते भलत्यांचेच, आणि हार आम्हीच आणायचे असतात. असो. ते साहेब हे वाचतील की नाही ठाऊक नाही. वाचलंच तर त्यांच्या प्रश्नाला उत्तर आहे: अकरा महिन्यांच्या बाईला शिकवून काय होतं, ते काटोलला जाऊन पालवी बघितली की दिसेल. गाडी गणेशपेठहून सुटते.

आता मी कुठेही गेले तरी आधी खड्डा मागते. लोक कुरकुरतात. नव्या मुली येतात कामाला, त्यांना खाली उतरवते. एक जण मागच्या महिन्यात नवीन सलवार घालून आली होती, तिचे हाल झाले. लक्ष्याचा कागद तसाच येतो, मार्चच्या आत इतके मीटर. मी वर लिहून पाठवते, खड्डा बघितल्याशिवाय आखणी देणार नाही. अजून करार तोडलेला नाही. बघू.

आणि एक कबुली. तुमचा तो लाकडी मुठीचा चाकू, भिंत खरवडायचा, माझ्याच पिशवीत राहिलाय. डिसेंबरापासून. दोनदा तुमच्या दारापर्यंत घेऊन आले आणि तसाच परत नेला. पावसाळा सरला की पारशिवनीकडे चार खड्डे घ्यायचे आहेत, तिथल्या बायकांशी बोलणं झालंय. चाकू हवा असेल तर तुम्हाला तिकडेच यावं लागेल. जेवण माझ्याकडे, भाकर आणि वांग्याची भाजी. डायरी आणा. पेन्सिल माझी मी घेतली आहे.

काकूंना नमस्कार. अंगणातली ढेकळं त्यांनी फेकली नसतील अशी आशा.

आपली,
नामनिर्देशन पत्र नसलेली विद्यार्थिनी
नागपूर