खेळ की पोट, ही निवड मुलींवर लादू नका : क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

मा. क्रीडामंत्री, महाराष्ट्र राज्य,
सविनय नमस्कार.

नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमीला बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला. राज्याने तिचा गौरव केला, उत्तम झालं. मी लिहिते आहे ते तिच्या मागच्या रांगेतल्या मुलींसाठी. राज्य, राष्ट्रीय स्पर्धा गाजवणाऱ्या, पण केवळ बुद्धिबळावर घर चालणार नाही अशा.

रोहिणी खाडिलकर तेराव्या वर्षी राष्ट्रीय महिला विजेत्या झाल्या. तो किताब त्यांनी एकूण पाच वेळा मिळवला, १९८१ मध्ये आशियाई विजेतेपदही. पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्या उतरल्या तेव्हा हरकत घेतली गेली आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत पोहोचलं. अखेर फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनीच निर्वाळा दिला, की स्त्रियांना वगळता येणार नाही. हे युवे १९३५ मध्ये अलेखाइनला हरवून जगज्जेते झालेले, आणि पेशाने गणिताचे शिक्षक. अ‍ॅमस्टरडॅममध्ये मुलींना शिकवत. नोकरी आणि पट दोन्ही सांभाळलेल्या माणसाने आपल्याकडच्या मुलीच्या बाजूने कौल दिला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

रोहिणीताईंनी पुढे पत्रकारितेचं आणि मुद्रणाचं शिक्षण घेतलं, सायंदैनिकाच्या संपादक झाल्या. कष्ट त्यांचेच. पण घरचंच वृत्तपत्र होतं, बहिणी वासंती आणि जयश्री याही राष्ट्रीय विजेत्या होत्या. खेळ थांबला तरी उभं राहायला जमीन होती. सांगलीच्या भाग्यश्री साठे-ठिपसे यांनी बँकेत नोकरी करत पट सांभाळला. माझ्या वर्गातल्या मुलींपैकी कितीजणींकडे अशी जमीन आहे? दहावी आली की पालक पट माळ्यावर टाकतात, आणि त्यांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही.

आपल्याकडून दोनच गोष्टी हव्यात. राष्ट्रीय स्पर्धा परीक्षेच्या तारखांवर आली, तर शाळा-महाविद्यालयाने पुन्हा परीक्षा घेणं बंधनकारक असावं. ती प्राचार्यांच्या मर्जीवर नको. आणि खेळाडू म्हणून शासकीय सेवेत आलेल्या मुलीला स्पर्धेचे दिवस कामाचेच दिवस धरून मिळावेत, दरवेळी साहेबांपुढे अर्ज घेऊन उभं राहावं लागू नये. यासाठी नवी इमारत लागत नाही, मोठा निधीही नाही. एक स्पष्ट शासन निर्णय पुरेल. पुढच्या परीक्षांच्या आत तो निघावा, ही कळकळीची विनंती.

आपली नम्र,
बुद्धिबळ शिकवणारी एक शिक्षिका