भिंतीवर पृथ्वी नको, पुराची रेघ काढा

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

आमच्या भागात भिंती रंगवल्यात. दोन हात, हातात हिरवीगार पृथ्वी, खाली 'पाणी वाचवा'. आता 2019 ला त्यातली एक भिंत अख्खी पाण्यात होती, हसावं का रडावं सांगा. पेंटरचा काय दोष नाही, त्याला दिलं ते त्यानं काढलं.

सांगलीकराला पर्यावरण कळत नाही असं कोण म्हणतंय? ऑगस्टमध्ये कुणालाही झोपेतनं उठवून विचारा, कोयनेतनं विसर्ग किती, आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी किती फूट, 40 ला इशारा 45 ला धोका, सगळं तोंडपाठ, 2019 ला तर 57 च्या वर गेलेलं. पण निळी रेषा आपल्या गल्लीतनं कुठनं जाते विचारा, सगळे गप्प. निळी म्हणजे 25 वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे 100 वर्षांतल्या. या रेषा नकाशावर आहेत आणि नकाशे कपाटात. त्या भिंतीवर आणायचं काम पेंटरला द्या की, 2005, 2019, 2021 ला पाणी जिथपर्यंत आलं तिथंच रेघ, बाजूला साल. फ्लॅट बघायला आलेला माणूस रेघ डोक्याच्या वर बघून बिल्डरला दोन प्रश्न तरी विचारेल.

आणि नाटकाचं काय? 1843 ला विष्णुदास भाव्यांनी इथं 'सीता स्वयंवर' केलं, तेव्हापासनं नाट्यपंढरी म्हणून मिरवतोय आपण. तमाशातले पठ्ठे बापूराव रेठरे हरणाक्षचे, शिवा-संभा जवळच्या कवलापूरचे. एवढी खाण असताना पर्यावरणाचा कार्यक्रम म्हटलं की शाळेतली पोरं पुठ्ठ्याचं झाड गळ्यात अडकवून उन्हात उभी, पाहुणे भाषण करून गाडीत. अहो तमाशाच्या बतावणीत सोंगाड्यानं नुसतं विचारलं ना, "पाटील, नदी तुमच्या घरात शिरली का तुम्ही नदीच्या घरात शिरला?" तर ओढे-नाले बुजवून प्लॉट पाडणारा पुढच्या रांगेत बसून पण हसंल, आणि घरी जाऊन त्याला झोप लागायची नाही. फक्त एक करा, असल्या वगाच्या, म्हणजे तमाशातल्या नाटकाच्या, संहितेवर कुठल्या साहेबाची सही घेऊ नका, नायतर परत 'झाडे लावा'वरच येणार.

5 नोव्हेंबरला रंगभूमी दिनाला सगळे जमतातच, त्याच आठवड्यात एक वग पुरावर ठेवा. फुकट नको, तिकीट लावा, कलाकारांना नीट मानधन द्या, पहिल्या रांगेचं तिकीट मी काढतो.

आपला,
एक वाचक, गावभाग, सांगली