काका, तुम्ही आम्हाला घाई करू दिली नाहीत

ती. काकांना शि. सा. नमस्कार,

तोंडावर आभार मानलेले तुम्हाला आवडत नाहीत. लगेच विषय बदलता आणि चहा टाकायला सांगता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे. कॅलगरीत मुलाला आइस हॉकीला घातलेल्या आणखी कुणा मराठी आईबाबांच्या हे वाचनात आलं, तर तेही बरंच.

लेकाला वरच्या गटाच्या निवडीतून काढलं तेव्हा कारण एकच मिळालं होतं, पोरगा अंगाने लहान आहे. घरात नुसती सुतकी कळा होती. तुम्ही आलात आणि समजूत वगैरे न घालता थेट केल मकार या हॉकीपटूची गोष्ट काढलीत. आपल्याच कॅलगरीचा, 1998 च्या ऑक्टोबरचा जन्म, तोही अंगाने लहान. 2013 साली पश्चिम कॅनडाच्या मोठ्या ज्युनियर लीगने त्याच्या वयाची मुलं निवडली, तेव्हा मेडिसिन हॅट या गावच्या संघाने त्याला घेतलं ते आठव्या फेरीत. आठव्या! लेकाने मान वर केली ती तेव्हा.

मकार त्या लीगमध्ये गेलाच नाही. तिथे एकदा खेळलं की अमेरिकेतल्या कॉलेज हॉकीचं दार बंद, असा तेव्हाचा नियम होता. तो गेला ब्रूक्सला. इथून पूर्वेला सुमारे 190 किलोमीटरवरचं, मांसाच्या कारखान्यासाठी ओळखलं जाणारं गाव, आणि लीग एक पायरी खालची. तिथे 2016-17 च्या मोसमात त्याने 54 सामन्यांत गोल आणि गोलसाठीचे पास मिळून 75 पॉइंट केले, तेही डिफेन्सला खेळून. जून 2017 मध्ये कोलोराडो अ‍ॅव्हलांच या संघाने त्याला एनएचएलच्या, म्हणजे इथल्या सर्वांत मोठ्या व्यावसायिक लीगच्या, ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) चौथ्या क्रमांकावर उचललं.

इथवरची गोष्ट कुणीही सांगतं. तुम्ही रेंगाळलात ते पुढच्या दोन वर्षांवर, आणि माझं खरं ऋण तिथलं आहे. चौथ्या क्रमांकाचा हा पोरगा मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात शिकायला गेला. त्या संघाने आदल्या मोसमात जेमतेम 5 सामने जिंकले होते. एक वर्ष झाल्यावर एनएचएलमध्ये जाता आलं असतं, तरी तो दुसऱ्या वर्षीही कॉलेजातच राहिला. ह्यांनी विचारलं, "एवढं दार उघडं असताना परत कॉलेज कशाला?" तेव्हा तुम्ही म्हणालात, "फॉरवर्ड चुकला तर मागे सावरायला माणसं असतात. डिफेन्समन चुकला की मागे फक्त गोलकीपर. सामना वाचायला शिकावं लागतं, आणि ते सामने खेळूनच येतं." त्या दिवसापासून आमच्या घरात 'कधी होणार' हा प्रश्न बंद झाला.

तुम्ही नुसतं बोलून थांबला नाहीत. उणे पंचवीसच्या थंडीत, पहाटे साडेपाचच्या बर्फावरच्या सरावासाठी तुमची गाडी आमच्या दारात उभी असायची. ह्यांची रात्रपाळी, मला तेव्हा बर्फावर गाडी चालवायची भीती. सामन्यात खेळाडूंच्या बाकापासून बर्फावर जायचं, डिफेन्सच्या मुलांचं दार उघडायचं काम तुम्ही स्वतःहून घेतलंत. तिथे उभे राहून तुम्ही त्याला काय सांगता, ते मला काचेपलीकडून फक्त दिसायचं. हळूहळू मलाही कळायला लागलं. कोपऱ्यात पक (खेळायची रबरी चकती) आणायला मागे वळताना, काठी पकला लागायच्या आधी तो खांद्यावरून एकदा मागे बघतो. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. आधी नुसता पकवर डोळा ठेवून धावायचा आणि मागून आलेल्या पोराचा धक्का खाऊन कडेच्या फळीवर आपटायचा. आता पक हाती येईपर्यंत पास कुणाला द्यायचा हे ठरलेलं असतं. उलटं स्केटिंग करत मागे सरकायचं, पण समोरच्यातलं अंतर वाढू द्यायचं नाही, हे तुम्ही त्याला कबड्डीतला मध्यरक्षक दाखवून समजावलंत. चढाई करणाऱ्याला आत येऊ देतो, पण पकडीच्या टप्प्याबाहेर सोडत नाही. शाळेत असताना खेळलेली तुमची कबड्डी इथे बर्फावर कामाला आली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आणि 15 एप्रिल 2019 ची ती रात्र. मकारला अमेरिकेच्या कॉलेज हॉकीतला सर्वोत्तम खेळाडूचा होबी बेकर पुरस्कार नुकताच मिळाला होता. 13 तारखेला त्याचा कॉलेज संघ राष्ट्रीय अंतिम सामना हरला, आणि दोन दिवसांत तो डेन्व्हरमध्ये कोलोराडोकडून एनएचएलच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, उतरला. समोर कोण, तर आपल्या कॅलगरीचाच संघ, फ्लेम्स! पहिल्याच सामन्यात, पहिल्याच सत्रात त्याने गोल केला. त्याच्या आधी कुठल्याही डिफेन्समनने प्लेऑफमधून पदार्पण करून त्याच सामन्यात गोल केला नव्हता. सामना आपण 6-2 ने हरलो. तुम्ही ती रात्र सांगताना आजही हळहळता, पण त्या गोलाला टाळ्या वाजवल्याचंही सांगता. त्यानंतरचं सगळ्या जगाला माहीत आहे: 2020 मध्ये सर्वोत्तम नवोदिताची कॅल्डर ट्रॉफी, 2022 मध्ये स्टॅनली कप.

लेक मकार होईल असं मी म्हणत नाही, तुम्हीही कधी म्हणाला नाहीत. त्याने त्या वर्षी खालच्या गटात मन लावून खेळायचं ठरवलं आणि तिथे त्याला बर्फावर खेळायला भरपूर वेळ मिळाला. वरच्या संघात कडेला बसून तेवढा मिळाला नसता. यंदा त्याला वरच्या गटात घेतलं आहे. उंची थोडी वाढली, पण निवडणाऱ्यांनी कौतुक केलं ते पक हाती येताच तो देतो त्या पहिल्या पासचं.

आता एक काम आहे. 2025 पासून अमेरिकेच्या कॉलेजांनी तो जुना नियम बदलला, म्हणजे मोठ्या ज्युनियर लीगमध्ये खेळूनही कॉलेजात जाता येतं. मकारला जी निवड करावी लागली, ती आता तशी उरली नाही, पण त्यामुळे रस्ते वाढले आणि आमचा गोंधळही. घाई नाहीच. तरी पुढच्या रविवारी जेवायलाच या, मावशींनाही आणा. पुरणपोळी करते आहे. आणि निदान त्या दिवशी तरी आभार मानू द्या.

तुमची,
तुमच्या डिफेन्समनची आई