आप्पांची अ‍ॅटलास देण्याआधी

पुणे,
रविवार

प्रिय मित्रा,

आप्पांची अ‍ॅटलास सायकल मावशींच्या मुलाला द्यायची ठरवलीस, हे वाचून फार बरं वाटलं. कॉलेज सहा किलोमीटरवर, म्हणजे रोजचे बारा. त्या सायकलीला हे जड नाही. पण नुसती नळावर धुऊन, हवा भरून, तेलाचे चार थेंब सोडून देऊ नकोस. विकत घेतलेली सायकल बिघडली तर माणूस दुकानदाराशी भांडतो. भेट मिळालेल्या सायकलीबद्दल तो पोरगा तुझ्यापुढे अवाक्षर काढणार नाही, मुकाट्याने ढकलत घरी नेईल. म्हणून देण्याची सायकल आपल्या स्वतःच्या सायकलीपेक्षा चोख हवी. पुरतं ओव्हरऑइलिंग कर, म्हणजे सगळे भाग खोलून, साफ करून, नवं ग्रीस-तेल. दोन रविवार जातील.

आधी त्याला बोलावून घे आणि दांडा दोन पायांत घेऊन उभं राहायला सांग. दोन्ही टाचा जमिनीला टेकून वर दोन बोटं तरी जागा उरली पाहिजे. २२ इंची फ्रेम बुटक्या मुलाला मोठी होते आणि सीट कितीही खाली घेतली तरी दांडा खाली येत नाही. बसत नसेल तर ही दुसऱ्या कुणाला दे, त्याच्यासाठी लेडीज फ्रेम बघू.

मग फ्रेम पुसून उजेडात धर. हँडलच्या नळीच्या मागे, खालच्या तिरक्या नळीच्या पोटाखाली बोट फिरव. तिथे रंगाला सुरकुती किंवा आडवी रेघ दिसली तर सायकल कधीतरी समोरून आदळली आहे. चिमटा (पुढचं चाक धरणारा फाटा) मागे वाकलाय का तेही बाजूने बघ. चीर असेल तर वेल्डिंग करून देऊ नकोस. ती फ्रेम भंगारात घाल आणि चाकं दुसऱ्या फ्रेमला वापर.

पार्टची काळजी करू नकोस. अ‍ॅटलासचा साहिबाबादचा शेवटचा कारखाना ३ जून २०२० ला, नेमका जागतिक सायकल दिनी बंद पडला. पण या काळ्या सायकलींची मापं सगळ्या कंपन्यांची जवळपास सारखीच. लुधियानाचा माल तालुक्याच्या दुकानातही मिळतो. मुलाच्या दृष्टीने हाच या सायकलीचा मोठा गुण. गिअरची नवी सायकल खेड्यात अडली की अडली.

खरी मेहनत कॉटर पिनेची, म्हणजे क्रँक (पायडलची भुजा) मधल्या आसाला जखडणाऱ्या खिळीची. क्रँक काढायच्या दोन दिवस आधीपासून तिथे डिझेल आणि तेल निम्मं-निम्मं करून सोडत राहा. नट पूर्ण काढू नकोस, पिनेच्या टोकाशी सपाट येईल इतकाच सैल कर, म्हणजे आटे ठेचणार नाहीत. क्रँकखाली जाड पाइपचा तुकडा जमिनीपर्यंत उभा टेकव, पिनेचं डोकं पाइपच्या पोकळीत येऊ दे, आणि वरून जड हातोडीचा एकच सणसणीत घाव घाल. हलके वीस घाव घातलेस तर पिनेचं टोक फुलेल आणि मग ड्रिलशिवाय गत्यंतर नाही. टेकू न देता मारलंस तर घाव थेट छर्‍यांवर जातो आणि बीबीच्या (पायडलच्या मधल्या आसाच्या बेअरिंगच्या) कपात खड्डे पडतात. बसवताना दोन्ही पिना नव्या घे. क्रँक आडव्या धरल्या की एका पिनेचा नट वर आणि दुसरीचा खाली यायला हवा. तसा नसेल तर पायडलं एका रेषेत येत नाहीत. आटे पुरेसे बाहेर येत नसतील तर पिनेची चपटी बाजू कानशीने सरळ घास, थोडी थोडी. पिन हातोडीने बसवायची, नटाने ओढायची नाही.

बीबीचा चेनकडचा कप उलट्या आट्यांचा असतो. तो काढूच नकोस, आत बोट फिरवून खड्डे आहेत का तेवढं बघ. डावा कप उघड. छर्रे सगळे नवेच टाक, जुने कितीही चकचकीत दिसोत. बीबीला दोन सुती (पाव इंची) छर्रे, एका बाजूला ११. मागच्या हबला (चाकाच्या मधल्या तुंब्याला) दोन सुतीच, ९-९. पुढच्या हबला दीड सुती, १०-१०. कप ग्रीसने भर, त्यात छर्रे रोव. अजून एक बसेल असं वाटलं तरी घालू नकोस; खेटून बसलेले छर्रे एकमेकांना घासतात. कोन (छर्रे दाबून धरणारा शंकू) घट्ट करताना अगदी किंचित खेळ ठेव, कारण वरचा नट आवळला की तो आणखी दाबला जातो. शेवटी चाक अधांतरी धरून सोड: व्हॉल्व्हच्या नुसत्या वजनाने ते आपोआप फिरून व्हॉल्व्ह तळाशी आला पाहिजे.

फ्रीव्हील (मागच्या चाकाचं दात्यांचं चक्र) उघडू नकोस. डिझेलने धू, वाळव, पातळ तेल सोड. ग्रीस अजिबात नको, आतले खटके चिकटतात आणि पायडल रिकामं फिरतं. चेन पट्टीवर मोज: २४ कड्या म्हणजे बरोबर १२ इंच. एक सूत जास्त भरली तर बदल. नवी चेन जुन्या झिजलेल्या दात्यांवर उड्या मारत असेल तर फ्रीव्हीलही बदलावं लागेल. चेनलॉकचं (चेन जोडणाऱ्या क्लिपचं) बंद तोंड चेन जाते त्या दिशेला. मधे बोटाने दाबून अर्धा इंच झोल ठेव आणि चाक फिरवून चार ठिकाणी तपास.

आता ब्रेक. इथे पैसे वाचवू नकोस. सळईचे ब्रेक रिमच्या आतल्या अंगाला लागतात, त्यामुळे चाक डावी-उजवीकडे थोडं डुललं तरी चालेल, वर-खाली उडता कामा नये. चाकाचा आऊट (डुलणं) काढताना निपल (स्पोकचा नट) पाव फेरीपेक्षा जास्त फिरवू नकोस आणि समोरासमोरच्या जोडीवर काम कर. पुढे ३२ स्पोक, मागे ४०; तुटलेला एकही सोडू नकोस, शेजारचे दोन त्याच्यामागोमाग तुटतात. ब्रेक रबर रिमपासून दोन-तीन मिलिमीटर. होल्डरचं बंद तोंड चाक फिरतं त्या दिशेला ठेव, उलटं बसवलंस तर पहिल्याच उतारावर रबर निसटून पडेल. रिमला आतून गंज असेल तर चिंचेच्या कोळाने किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या चुरगळलेल्या कागदाने घास, धू, कोरडी कर. तेलाचं बोटही लागू देऊ नकोस. आणि त्याला स्पष्ट सांग की पावसात लोखंडी रिमवर ब्रेक उशिरा लागतो. आधी हलका दाबून रिमचं पाणी पुसून घ्यायचं, मग जोरात. जूनच्या आधी हे त्याच्याकडून चार वेळा करून घे.

टायर २८ बाय दीड, रिमचं माप ६३५ मिलिमीटर. दुकानदार हल्लीचा ७०० चा टायर देऊ लागला तर घेऊ नकोस, तो ६२२ चा असतो, चढतच नाही. चिरा पडलेला टायर ‘अजून चालेल’ म्हणून ठेवू नकोस. स्पोकची टोकं आतून कानशीने सपाट कर, वर रबरी पट्टी घाल. ट्यूब आतून पंक्चर होते ती यांच्यामुळे. व्हॉल्व्हची रबरी नळी नवी टाक. हवा हळूहळू उतरण्याचं कारण बहुधा तीच, पंक्चर नव्हे.

रंग देऊ नकोस. नवा रंग चिरा झाकतो, आणि जुना काळा रंग मेण चोळला की छान दिसतो. त्या पैशांत घंटी, मागचा लाल रिफ्लेक्टर, कुलूप आणि पंप येईल. डब्यात सोल्यूशन, ठिगळं, काचपेपर, सायकलचा पाना आणि वीतभर व्हॉल्व्ह नळी घाल. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, हेही सांगून ठेव. नाहीतर एखादा दिवस तो जोर लावून आटेच मारून टाकेल.

फ्रेमचा नंबर सीटखालच्या जोडावर नाहीतर बीबीच्या खाली कोरलेला असतो. तो टिपून, ‘ही सायकल मी अमुक तारखेला भेट दिली’ असं सहीनिशी लिहून त्याच्या हातात दे. रस्त्यात कुणी विचारलं तर त्याच्याकडे कागद असावा.

दिल्यावर पंधरा दिवसांनी त्याला चहाला बोलाव, सायकलसकट. नव्या कॉटर पिना पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये हमखास किंचित सैल होतात. पायडल मारताना दर फेरीला ‘टक्’ लागतं ते त्याचंच, आणि तशीच चालवली तर क्रँकचं भोक खाऊन टाकतं. पुन्हा एक घाव, नट आवळ, स्पोक हाताने दाबून बघ. पिन अडली तर ठोकत बसू नकोस, फोन कर. मी पुढच्या रविवारी ड्रिल घेऊन येतो.

तुझा,
सायकलवाला मित्र