रॅम्प बावीस फूट कमी पडला

मा. संपादक,

गेल्या आठवड्यात हयातीचा दाखला द्यायला तालुक्याच्या एका सरकारी कार्यालयात गेले होते. मागच्या वर्षी तिथे जांभ्याच्या पाच पायऱ्या होत्या. यंदा बाजूला नवाकोरा रॅम्प दिसला, वर चाकाच्या खुर्चीचं निळं चित्रही. बरं वाटलं. भाऊ खुर्ची ढकलायला लागला आणि अर्ध्यावर चाकं घसरू लागली. वर गुळगुळीत लादी, त्यात नुकतीच सर पडून गेलेली. भावाने खांदा लावून अडवलं नसतं तर मी थेट खालच्या गटारात. समोरच्या टपरीवरचे दोघे धावत आले. "थांब गे बाय, आमी उचलतंव," म्हणत त्यांनी मला खुर्चीसकट वर नेऊन ठेवलं. वर पुन्हा दाराला चार बोटं उंबरठा होताच!

आतला कारकून म्हणाला, "ताई, हाक मारली असती तर मीच खाली आलो असतो." चांगला माणूस. टपरीवाल्यांचेही उपकारच. पण एकोणपन्नासाव्या वर्षी भर रस्त्यात तांदळाच्या पोत्यासारखं उचलून घ्यायची हौस मला नाही.

मी शिवणकाम करते, टेप पिशवीत असतोच. निघताना भावाकडून माप घेतलं. उंची तीस इंच, रॅम्पची लांबी आठ फूट. सरकारी निकष 1 ला 12 चा आहे, म्हणजे एक इंच चढायला बारा इंच लांबी. तीस इंचांना तीस फूट हवेत. ब्लाउज अर्धा इंच कमी पडला तर गिऱ्हाईक तोंडावर आणून टाकतं. इथे बावीस फूट कमी, कठडा नाही, आणि कुणी मोजलंसुद्धा नाही.

आपल्याकडच्या पावसात जोतं उंच घ्यावंच लागतं, हे कळतं. जागा नव्हती म्हणतील, तर आवारात पंचवीस दुचाक्या ऐसपैस उभ्या असतात. भिंतीच्या कडेने नेऊन मध्ये सपाट ओटा दिला आणि तिथे वळवला, तर आरामात बसतो. वर खरखरीत फरशी, दोन्ही बाजूंना धरायला पाइप, बस्स.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने जुन्या सार्वजनिक इमारतींना पाच वर्षांची मुदत दिली होती. नियम 2017 मध्ये आले, मुदत 2022 मध्ये संपली. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेचे निकष नुसती शिफारस म्हणून ठेवता येणार नाहीत, सक्तीचेच हवेत, असं बजावलं. ग्रामपंचायतींपासून नगरपरिषदांपर्यंत सगळ्यांनी उत्पन्नाचा 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी वापरायचा असतो, तोही आहे. अर्थात हा आठ फुटांचा रॅम्पही त्यातूनच झाला असेल तर बोलणंच खुंटलं.

माझं मागणं एवढंच, की ठेकेदाराचं बिल काढण्याआधी गावातल्या एखाद्या खुर्चीवाल्याला रॅम्पवरून वर-खाली करून बघू द्या. आमच्या तालुक्यात मी येईन, टेप माझा मी आणीन. बैठक तेवढी वरच्या मजल्यावर ठेवू नका.

— शिवणकाम करणारी एक वाचक, जि. सिंधुदुर्ग